उन्हाचा जमाखर्च

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात साखरा हे गाव आहे. या भागात मृगाचा पाऊस बरा झाला की सोयाबीन पेरलं जातं आणि दसऱ्याच्या आसपास ते काढणीला येतं. मध्ये जातात साधारण शंभर दिवस. या शंभर दिवसांत एका एकरावर किती ऊन पडतं, याचा हिशेब मांडता येतो. घरच्या विजेच्या मीटरवर आपण जे युनिट वाचतो, त्याच मापानं तो मांडू.

पावसाळी ढग धरूनही मराठवाड्यात एका चौरस मीटरवर दिवसाला साडेचार युनिटांच्या आसपास ऊर्जा उन्हातून उतरते. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे दिवसाचे झाले सुमारे १८ हजार युनिट आणि शंभर दिवसांचे १८ लाख. आता पदरात काय पडलं ते पाहू. एकरी आठ क्विंटल उतारा धरला आणि किलोभर सोयाबीनमध्ये सव्वापाच युनिट ऊर्जा धरली, तर खळ्यावर आलेल्या धान्यात साठलेली ऊर्जा होते ४,२०० युनिट. हजार युनिट उन्हातले जेमतेम सव्वादोन युनिट धान्यात उतरले.

आकडा लहान वाटतो, पण सगळं जग अशाच लहान आकड्यांवर उभं आहे. शेतातली अळी, अळी टिपणारा कोतवाल, बांधावरचं मुंगूस, रात्री पिकात शिरणारा रोही, गोठ्यातली म्हैस, म्हशीच्या शेणातला किडा आणि घरात भाकरी खाणारं माणूस, या सगळ्यांची पोटं हिरव्या पानानं पकडलेल्या उन्हाच्या एवढ्याशा हिश्श्यावर चालतात. तो हिस्सा कोण कमावतं, तो कुणाकडून कुणाकडे जातो, वाटेत कुठं गळतो आणि शेवटी कुठं जातो, हे समजलं की शिवार वाचता येतं.

पान काय कमावतं

झाड माती खाऊन वाढतं, असं माणसाला हजारो वर्षं वाटत होतं. सतराव्या शतकात यान व्हान हेल्माँट या वैद्यानं हे तपासून पाहिलं. त्यानं सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून कुंडीत भरली, तीत सव्वादोन किलोचं वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं ७७ किलोंच्या आसपास. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती घटली होती साठेक ग्रॅम. झाडाचं वजन मातीतून आलेलं नव्हतं, हे सिद्ध झालं. ते पाण्यातून आलं असावं, असा निष्कर्ष त्यानं काढला. तो अर्धाच बरोबर होता. हवेचा हिशेब त्याच्या ध्यानात आला नव्हता.

तो पुढच्यांनी पुरा केला. १७७१मध्ये इंग्लंडात जोसेफ प्रिस्टली यांना दिसलं, की मेणबत्ती जळून खराब झालेली बंद भांड्यातली हवा पुदिन्याची फांदी ठेवली की पुन्हा ताजी होते. १७७९मध्ये यान इंगेनहाऊस यांनी दाखवून दिलं, की हे काम झाडाचा हिरवा भागच करतो आणि तेही उजेडातच. एवढ्यावरून आज शाळेत शिकवलं जाणारं प्रकाशसंश्लेषण आकाराला आलं. पानाच्या खालच्या अंगाला असलेल्या बारीक छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, मुळांकडून पाणी चढतं, हरितद्रव्य उन्हातली ऊर्जा पकडतं आणि त्या बळावर दोन्हींची जुळणी होऊन साखर तयार होते. उरलेला ऑक्सिजन बाहेर सोडला जातो. तो आपण श्वासात घेतो.

मग हजारातले सव्वादोनच युनिट हाती का लागतात? पहिली गळती उन्हातच आहे. सूर्याच्या ऊर्जेतला निम्म्याहून थोडा कमी भागच हरितद्रव्याला वापरता येतो, बाकीची किरणं त्याच्या कामाची नाहीत. पेरणीनंतरचे पहिले कितीतरी दिवस रोपं लहान असतात आणि ऊन उघड्या काळ्या मातीवर पडून वाया जातं. पावसानं ओढ दिली की झाड पाणी वाचवण्यासाठी छिद्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडची वाटही बंद होते आणि भर उन्हात पान रिकामं बसतं. जी साखर तयार होते, तिच्यातली साधारण निम्मी झाड स्वतःच्या जगण्यावर खर्च करतं, कारण रात्रंदिवस श्वास तर त्यालाही घ्यावा लागतो. उरलेल्यातून मुळं, खोड, पानं आणि शेंगांची टरफलं होतात. सर्वांत शेवटी दाणा भरतो.

सगळी पिकं मात्र सारखी कमावत नाहीत. ज्वारी, मका आणि ऊस यांची पद्धत सोयाबीन, तूर, हरभरा, गहू यांच्याहून वेगळी आहे. सोयाबीनच्या पानात कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर तापमान वाढलं की चुकून ऑक्सिजनही पकडू लागतं आणि कमावलेल्यातला बराच भाग वाया जातो. ज्वारीच्या पानात कार्बन डायऑक्साइड आधी एका थरातल्या पेशींमध्ये पकडला जातो आणि मग आतल्या पेशींत नेऊन तिथं दाटीनं सोडला जातो, त्यामुळे ही चूक जवळजवळ होतच नाही. हॅच आणि स्लॅक या संशोधकांनी १९६६मध्ये ऑस्ट्रेलियात ही वाट उलगडली. तेवढ्याच पाण्यात ज्वारी अधिक साखर तयार करते. मराठवाड्याच्या रखरखीत हवेत पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी का टिकली, याचं एक उत्तर तिच्या पानात आहे.

हळदीची रीत आणखी निराळी आहे. हिंगोली जिल्ह्याची आज ओळख हळदीनं होते, वसमतची बाजारपेठ तिच्यावरच गाजते. हळदीचं पान आठ-नऊ महिने ऊन गोळा करतं आणि कमाई जमिनीखाली कंदात साठवत जातं. थंडीनंतर पाला पिवळा पडून वाळतो, तोवर पानातला उपयोगी ऐवज खाली उतरलेला असतो. जेठे गड्डे आणि हळकुंडं हा झाडानं स्वतःच्या पुढच्या हंगामासाठी ठेवलेला साठा आहे. आपण तो खणून, शिजवून, वाळवून बाजारात नेतो.

पहिला हात मारणारे

हिरव्या झाडांना उत्पादक म्हणतात. त्यांच्यावर थेट जगणारे ते पहिले भक्षक. माघात घाटे धरलेल्या हरभऱ्याच्या ओळीत वाकून पाहिलं, तर त्यांतला सर्वांत ओळखीचा दिसतो. एखाद्या घाट्याला गोल छिद्र असतं आणि त्यात घाटेअळीनं डोकं खुपसलेलं असतं. अंगाचा निम्मा भाग आत, निम्मा बाहेर. कधी ती हिरवी असते, कधी तपकिरी, कधी पिवळसर. दाणा संपला की ती पुढच्या घाट्याकडे सरकते. झाडानं महिनोन्‌महिने जमवलेला ऐवज सर्वांत दाट स्वरूपात दाण्यातच असतो, आणि अळी नेमकी तिथंच जाते. पानं खाऊन जगणाऱ्या अळीला पोट भरायला कितीतरी जास्त चरावं लागतं.

मोठ्या अंगाचे पहिले भक्षकही या शिवारात कमी नाहीत. रोही, हरणं आणि रानडुकरं रात्री पिकात उतरतात, म्हणून शेतकऱ्याला जागलीला जावं लागतं. डुक्कर तर निव्वळ शाकाहारीही नाही. कंदमुळं, दाणे, किडे, गांडुळं, जे सापडेल ते खातं. निसर्गातल्या पुष्कळ प्राण्यांना एका रकान्यात बसवता येत नाही. चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना अळ्या भरवते. कोल्हा उंदीर खातो आणि बोरंही खातो.

गोठ्यातल्या गाई-म्हशींचं काम या सगळ्यांत नवलाचं आहे. वाळल्या कडब्यात आणि सोयाबीनच्या कुटारात ऊर्जा भरपूर असते, पण ती सेल्युलोजमध्ये अडकलेली असते. सेल्युलोज पचवणारं विकर माणसाकडे नाही आणि गाईकडेही नाही. गाईनं ते काम सूक्ष्म जीवांवर सोपवलं आहे. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या कप्प्याला पशुवैद्य कोटीपोट म्हणतात. तिथं असंख्य जिवाणू आणि आदिजीव कडबा आंबवतात आणि त्यातून निघालेली आम्लं गाईच्या रक्तात जातात. सावलीत बसून ती रवंथ करते, तेव्हा अर्धवट भिजलेला चारा पुन्हा तोंडात आणून जिवाणूंसाठी बारीक करत असते. पुढच्या कप्प्यांत ती त्या जिवाणूंनाही पचवते आणि प्रथिनं मिळवते. आंबवताना तयार झालेला मिथेन ढेकरांवाटे निघून जातो, तेवढी ऊर्जा तिच्याही हातून सुटते. कडब्यातलं ऊन दुधात उतरतं ते या अदृश्य मजुरांच्या बळावर.

दहातला एक

घाटेअळीवर टपलेला असतो कोतवाल. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा हा पक्षी उंच जागा धरून बसतो, अळी दिसली की झेप घेतो, टिपतो आणि पुन्हा जागेवर येतो. बसायला जागाच नसेल तर तो त्या शेतात थांबत नाही. म्हणून हरभऱ्यात एकरी २० पक्षीथांबे उभे करा, अशी शिफारस कृषी विभाग करतो. पेरताना हरभऱ्याच्या बियांत थोडी ज्वारी मिसळली तरी तिची ताटं पाखरांना बसायला पुरतात. कोतवाल, साळुंकी आणि वेडा राघू हे दुसऱ्या पायरीवरचे खाणारे. नांगरामागं किंवा ट्रॅक्टरमागं चालणारे गायबगळेही त्यांतलेच, कारण फाळानं उलथलेल्या मातीतून हुमणी आणि किडे वर येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांच्याही वरती शिक्रा असतो, धामण असते, घुबड असतं.

ही साखळी लांबत लांबत दहा-बारा पायऱ्यांची का होत नाही? शिक्र्याला खाऊन जगणारा, त्याला खाऊन जगणारा, असे आणखी प्राणी का नाहीत? या प्रश्नाचं आकड्यांतलं उत्तर रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकी संशोधकानं दिलं. मिनेसोटातल्या सीडर बॉग या लहानशा तळ्यात कोण कोणाला खातं आणि किती खातं, याचा हिशेब त्यानं काही वर्षं बसून मांडला. त्याचा निबंध परीक्षकांनी आधी नाकारला होता. तो छापून आला १९४२मध्ये, आणि त्याच्या काही महिने आधीच वयाच्या २७व्या वर्षी लिंडमन वारला. पण परिसंस्थेकडे ऊर्जेच्या नजरेनं पाहायचं, ही त्यानं लावलेली शिस्त आजही चालते.

त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की एका पायरीवरची ऊर्जा पुढच्या पायरीवर जाताना साधारण दहातला एकच भाग पोचतो. कुठं पाच टक्के, कुठं वीस, पण सरासरी दहाच्या आसपास. बाकीच्या नऊ भागांचं काय होतं? अळी पाला खाते, त्यातला काही न पचता विष्ठेवाटे बाहेर पडतो. जे पचतं, त्यातलं बहुतेक तिच्या हालचालीत आणि श्वासात खर्च होतं आणि उष्णता होऊन हवेत विरतं. अंगी लागतं तेवढंच कोतवालाच्या वाट्याला येतं. कोतवाल तर गरम रक्ताचा. अंगाचं तापमान राखण्यातच त्याचं खाणं जळतं.

पाल्यात एक लाख युनिट ऊर्जा असेल, तर अळ्या-टोळांच्या अंगात राहते दहा हजार, त्यांना खाणाऱ्या पाखरांत हजार आणि शिक्र्यात शंभर. त्यापुढच्या खाणाऱ्याला दहा युनिटांसाठी इतकं शिवार फिरावं लागेल, की मिळण्यापेक्षा फिरण्याचा खर्चच जास्त व्हायचा. म्हणून साखळी चार-पाच पायऱ्यांत संपते. एकाच शेतात टोळ हजारोंनी असतात, कोतवाल चार-दोन असतात आणि शिक्र्याची एक जोडी अनेक शेतांवर मिळून जगते. लांडग्याला तर मैलोन्‌मैल माळरान लागतं. माळ नांगरले गेले, तुकडे झाले की पहिल्यांदा नाहीसा होतो तो वरच्या पायरीवरचा प्राणी.

प्रत्यक्षात साखळी सरळ नसते. उंदीर धामणीच्या, घुबडाच्या, मुंगसाच्या आणि कोल्ह्याच्या, चौघांच्याही पोटात जातो. धामण मोराच्या चोचीत सापडते. एक धागा ओढला की चार हलतात, म्हणून अभ्यासक त्याला अन्नजाळं म्हणतात. दिसली धामण की ठेचायची, ही सवय ज्या शिवारात आहे, तिथं उंदरांचं फावतं आणि धान्य त्यांच्या बिळात जातं.

दुसऱ्याच्या मुळात तोंड

काही वनस्पतींनी कमावण्याचं कष्टाचं काम अर्ध्यावर किंवा पूर्ण सोडून दिलं आहे. ज्वारीच्या शेतात उगवणारा टारफुला दिसायला हिरवा असतो, लहान फुलं धरतो. पण त्याची मुळं जमिनीखाली ज्वारीच्या मुळांत शिरलेली असतात. पाणी, क्षार आणि तयार अन्नही तो तिथून ओढतो. वर येण्याआधीच तो ज्वारीला खंगवून टाकतो. त्याचं बी धुळीच्या कणाएवढं असतं आणि मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. जवळ यजमानाचं मूळ आल्याशिवाय ते रुजत नाही. मूळ आलं हे त्याला कसं कळतं, याचा शोध १९६६मध्ये लागला. मुळांतून पाझरणारं एक रसायन त्याला जागं करतं. हे रसायन पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते कापसाच्या मुळांतून. गंमत अशी, की टारफुल्याला कापसावर जगता येत नाही. कापसाच्या शेतात त्याचं बी रुजतं, यजमान सापडत नाही आणि रोप मरून जातं. ज्वारीनंतर कापूस घेण्याच्या जुन्या फेरपालटीला हाही एक शास्त्रीय आधार आहे.

कुंपणावर पसरणाऱ्या अमरवेलीनं तर पानंच टाकून दिली आहेत. पिवळ्या दोऱ्यांसारखी ती झुडपावर चढते आणि शोषकांनी त्याच्या खोडातली साखर थेट पिते. आंब्यावरचं बांडगूळ मात्र अर्धं स्वावलंबी. पाणी आणि क्षार ते आंब्याचे घेतं, पण स्वतःच्या हिरव्या पानांत साखर तयार करतं. त्याची फळं फुलटोच्या हा इवलासा पक्षी खातो, चिकट बी फांदीवर पुसतो आणि तिथं नवं बांडगूळ धरतं.

प्राण्यांतही हा मार्ग आहे. कॅम्पोलेटिस नावाची बारीक गांधीलमाशी लहान घाटेअळीच्या अंगात अंडं घालते. तिची अळी घाटेअळीला आतून खात वाढते. शेतात असे मित्रकीटक असतात, तोवर घाटेअळीला आपोआप लगाम राहतो. फवारणीत पहिल्यांदा मरतात ते हे, कारण त्यांची संख्या मुळातच त्यांच्या सावजापेक्षा कमी असते.

शेण, पाचोळा आणि मेलेलं ढोर

खाणाऱ्यांनी कितीही खाल्लं तरी शिवारातला बहुतेक हिरवा ऐवज जिवंत असताना खाल्लाच जात नाही. तो वाळतो, गळतो, मातीत पडतो. त्यावर जगणारी दुनिया जमिनीवरच्या दुनियेपेक्षा मोठी आहे.

पावसाळ्यात ताज्या शेणाचा पो काडीनं उलटून पाहावा. आतून मातीत उतरणारी बिळं दिसतात आणि काळे, चकचकीत शेणकिडे लगबगीनं दडतात. काही जाती शेणाचे गोळे करून मागच्या पायांनी ढकलत नेतात आणि पुरतात, त्यात अंडी घालतात. गाईला न पचलेलं त्यांच्या पिल्लांना पुरतं. जमिनीत खत आपोआप मिसळतं, भोकांतून हवा आणि पाणी खाली उतरतं.

वाळवीचं वारूळ हे त्याहून मोठं कारखान्याचं काम. आपल्याकडच्या वारूळ करणाऱ्या वाळव्या लाकूड आणि पाचोळा आणून वारुळात त्यावर बुरशीची लागवड करतात. सेल्युलोज आणि लिग्निन बुरशी फोडते, मग वाळवी ते खाते. पहिल्या पावसांनंतर वारुळावर जी अळिंबी उगवते, ती याच बुरशीची फळं. कोटीपोटात गाईनं जे काम जिवाणूंना दिलं, तेच वाळवीनं बुरशीला दिलं आहे.

मोठ्या मढ्यांचा निकाल गिधाडं लावत. एखादं ढोर हाडोळ्यात टाकलं की थव्यानं येऊन काही तासांत सांगाडा उरवत. त्यांच्या जठरातलं तीव्र आम्ल बहुतेक रोगजंतूंना मारून टाकतं. १९९०च्या दशकात ती देशभर झपाट्यानं नाहीशी झाली. कारण सापडलं २००४मध्ये. जनावरांना वेदनेवर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसात राही आणि ते खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, त्यामुळे गेलेली संख्या भरून यायला पिढ्या जातील. त्यांची जागा गावोगाव मोकाट कुत्र्यांनी घेतली आणि मढी जास्त दिवस पडून राहू लागली.

उन्हाशिवाय जगणारे

भाद्रपदाआधी फुलोऱ्यात आलेलं सोयाबीनचं एक झाड मुळासकट हळूच उपटून पाहावं. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी लटकलेल्या दिसतात. एक गाठ नखानं फोडली तर आतला गर गुलाबी निघतो. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा आहे. या गाठींत जिवाणू राहतात. हवेत जवळजवळ ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण तो कोणत्याही झाडाला थेट घेता येत नाही. हे जिवाणू तो पकडून झाडाला देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. नायट्रोजन पकडणारं त्यांचं विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं, म्हणून गुलाबी द्रव्य ऑक्सिजनला बांधून ठेवतं. गाठी फिक्या किंवा हिरवट निघाल्या तर समजावं, की कामगार आत नाहीत. १८८८मध्ये बायरिंक यांनी हे जिवाणू पहिल्यांदा वेगळे काढले. सोयाबीन आपल्या मातीतलं मूळचं पीक नसल्यानं त्याचा विशिष्ट जिवाणू प्रत्येक शेतात असेलच असं नाही. त्यासाठी पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळतात.

त्याच मातीत आणखी एक जमात आहे, जिला ना ऊन लागतं, ना कुणाचं उष्टं. शेतात युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइटमध्ये आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या क्रियेत सुटणाऱ्या रासायनिक ऊर्जेवर ते हवेतला कार्बन पकडून स्वतःचं अन्न तयार करतात. रशियन संशोधक विनोग्रादस्की यांनी १८९०च्या सुमारास हे दाखवलं, तेव्हा उन्हाशिवायही अन्न तयार होतं हे प्रथमच कळलं. पुढे १९७७मध्ये प्रशांत महासागरात गालापागोस बेटांजवळ, अडीच किलोमीटर खोल अंधारात, गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती आख्खी वस्ती सापडली. तिचा पाया असेच रसायनांवर जगणारे जिवाणू होते. साखऱ्याच्या शेतातल्या नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचे ते दूरचे सोबती म्हणायला हरकत नाही.

पाण्यातला उलटा मनोरा

सेनगाव तालुक्याच्या एका अंगाला पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे. त्याच्या पाण्यात हिरवा उत्पादक डोळ्यांना दिसतच नाही. तो म्हणजे सूक्ष्म शेवाळं. त्यांना प्राणिप्लवक खातात, त्यांना लहान मासे, लहानांना मरळ आणि मरळीला माणूस. कोणत्याही एका दिवशी पाण्यातली सगळी शेवाळं तोलली, तर त्यांना खाणाऱ्यांपेक्षा ती वजनाला कमी भरू शकतात. मनोरा उलटा दिसतो. पण शेवाळ दोन-चार दिवसांत दुप्पट होतं, त्यामुळे थोड्या साठ्यातूनही रोजचा पुरवठा मोठा होतो. वजनाचा मनोरा उलटा होऊ शकतो, ऊर्जेचा कधीच नाही.

मत्स्यपालक एकाच तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ का सोडतात, तेही यातून समजतं. कटला पाण्याच्या वरच्या थरातलं प्लवक खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाचा कुजका ऐवज उचलतो. तिघांची ताटं वेगळी असल्यानं एकाच पाण्यातून जास्त मासळी निघते. सोयाबीनच्या ओळींत तूर घेणारा शेतकरी हेच करतो. सोयाबीन लवकर उरकतं, तूर मागाहून वाढते आणि खोलवरचं पाणी शोधते. दोघांच्या हातून मिळून ऊन जास्त दिवस पकडलं जातं.

दोन खाती

आतापर्यंतच्या हिशेबातून दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. पहिली ऊर्जा. ती उन्हातून येते, पानात शिरते, एकेका पोटातून जाताना उष्णता होऊन निसटते आणि परत येत नाही. एकदा जाळलेलं ऊन पुन्हा वापरता येत नाही, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे आणि त्यातून कुणालाही सुटका नाही. त्याची चिंता करण्याचं कारणही नाही, कारण सूर्य उद्या नवं ऊन देणार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्बन, नायट्रोजन, स्फुरद, पालाश, गंधक यांचा साठा. याची आवक सूर्याकडून होत नाही. पानातून अळीत, अळीतून पाखरात, पाखरातून मातीत आणि मातीतून पुन्हा पानात, असा तोच ऐवज फिरत राहतो. शेणकिडे, वाळवी, गांडुळं, बुरशी आणि जिवाणू तो फिरवतात. सोयाबीनचं प्रत्येक पोतं मोंढ्यात जातं, तेव्हा त्याच्याबरोबर या साठ्यातला काही भाग शिवाराबाहेर जातो. तो भरून काढायला आपण खताची पोती विकत आणून टाकतो. मात्र मातीतल्या जीवांना क्षारांच्या जोडीनं अन्नही लागतं, आणि त्यांचं अन्न म्हणजे कुटार, धसकटं, पालापाचोळा, शेण.

उन्हाळ्यात शेत साफ करताना आपण हेच पेटवून देतो. काडी लावली की धसकटातला कार्बन आणि बहुतेक नायट्रोजन हवेत जातो, गंधक जातो, थोडी राख उरते आणि तीही वादळवाऱ्यात उडते. शंभर दिवसांच्या उन्हातून झाडानं जे जमवलं, त्यातलं दाण्याव्यतिरिक्तचं सगळं पाच मिनिटांत संपतं. पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी दडलेली असते, म्हणून ती तशीच उभी ठेवून चालत नाही, हे खरं. पण तिला यंत्रानं बारीक करून शेणाबरोबर कुजवता येतं. हळदीचा पाला आच्छादनाला वापरता येतो. कुटाराचा जनावरांना लागेल तेवढा भाग ठेवून बाकीचा शेतात पसरता येतो. मराठवाड्याच्या कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे. तो वाढवण्याचा दुसरा स्वस्त मार्ग नाही.

सूर्याचं देणं आपल्या हातात नाही, मातीचं देणं आहे. या उन्हाळ्यात शेतात काडी लावण्याआधी हा जमाखर्च एकदा आठवा आणि मातीचा वाटा मातीला द्या.